प्रमाण आणि प्रसार : जीएसएम–सीडीएमए वादाचा पुनर्विचार

भ्रमणध्वनीच्या इतिहासाविषयी अभियांत्रिकीच्या व व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून जे सांगितले जाते, त्यात जीएसएम आणि सीडीएमए या दोन प्रमाणपद्धतींच्या झगड्याची कथा दोन तऱ्हांनी येते. पहिली तऱ्हा अशी : युरोपातील राष्ट्रे एकत्र बसली, त्यांनी एकच पद्धत ठरविली, आणि म्हणून ती जगभर पसरली, अमेरिकेने निवड बाजारावर सोपविली, आणि म्हणून तिची पद्धत मागे पडली. दुसरी तऱ्हा हिच्या उलट आहे : सीडीएमए तांत्रिक दृष्ट्या सरस होती, परंतु आधी आलेल्या पद्धतीचा पसारा वाढून गेल्यामुळे तिला जागा उरली नाही. दोन्ही कथांचा सूर भिन्न असला तरी त्यांचे गृहीतकृत्य एकच आहे. प्रमाणपद्धतीचा प्रसार हे एक तर तिच्या गुणांचे फळ असले पाहिजे, नाही तर त्या गुणांवर झालेला अन्याय असला पाहिजे, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. हे गृहीतकृत्य तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, युक्तिवादाची ही रीत आपल्या ओळखीची आहे. पुण्याकडील शिष्टांची बोली प्रमाण मराठी का झाली, या प्रश्नाला 'ती अधिक शुद्ध व अधिक समृद्ध होती म्हणून' असे उत्तर पूर्वी सहज दिले जात असे, आणि अजूनही अधूनमधून दिले जाते. वस्तुस्थिती काय होती? मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली. मुंबई इलाख्यातील शाळांना क्रमिक पुस्तके हवी होती, छापखान्यांना एक लेखनपद्धती हवी होती, आणि या कामी जे शास्त्रीपंडित हाताशी होते त्यांच्यावर त्या बोलीचा पगडा होता. अहिराणीच्या किंवा वऱ्हाडीच्या व्याकरणात काही उणे होते म्हणून त्या मागे राहिल्या असे म्हणण्यास आधार नाही. बोलीचे गुण हा एक प्रश्न आणि तिचा प्रमाण म्हणून झालेला स्वीकार हा दुसरा प्रश्न, हा विवेक भाषाशास्त्राने बऱ्याच कष्टाने मिळविला आहे. तोच विवेक तंत्राच्या इतिहासात लावून पाहण्यास हरकत नसावी.

प्रथम गुणांविषयी. जीएसएममध्ये २०० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या प्रत्येक वाहक-लहरीवर काळाचे आठ भाग पाडलेले असतात, आणि पाटाच्या पाण्याची पाळी ठरलेली असावी त्याप्रमाणे आठ संभाषणे आपापल्या पाळीला त्या लहरीवरून जातात. सीडीएमएच्या आयएस-९५ या पद्धतीत सव्वा मेगाहर्ट्‌झचा रुंद पट्टा सर्वजण एकाच वेळी वापरतात, आणि प्रत्येक संभाषणाला स्वतंत्र संकेत दिलेला असतो.

ही दुसरी गोष्ट समजावून देताना पाठ्यपुस्तके बहुधा एक दृष्टांत योजतात. एका दालनात अनेक जोड्या एकदम बोलत आहेत. प्रत्येक जोडीची भाषा निराळी. ज्याला जी भाषा येते तेवढीच त्याच्या कानी अर्थासह पडते, बाकीचा नुसता गलबला. दृष्टांत चटकदार आहे, परंतु आमच्या शास्त्राच्या बाजूने तो सदोष आहे, आणि त्याचा दोष उद्बोधक आहे. नैसर्गिक भाषा एकमेकींना इतक्या परक्या नसतात. मराठी ऐकणाऱ्याच्या शेजारी कोणी कोकणी किंवा गुजराती बोलू लागला, तर त्यातले शब्द त्याच्या कानाला अडकतातच. सीडीएमएचे संकेत मात्र मुद्दाम असे रचलेले असतात की, एकाचा दुसऱ्याशी गणिती संबंध शून्य यावा. आयएस-९५ मध्ये टॉवरकडून हँडसेटकडे जाणाऱ्या दिशेला असे ६४ संकेत आहेत. शिवाय दालनात एकजण टॉवरच्या कानाशी ओरडू लागला तर दूरच्याचा आवाज बुडतो. म्हणून प्रत्येक हँडसेटची शक्ती सेकंदाला ८०० वेळा कमीजास्त करावी लागते. म्हणजे ज्या दालनाचे चित्र रंगविले जाते तेथे खरोखर कोणीही मोकळेपणाने बोलत नसतो. प्रत्येकाच्या आवाजावर अखंड पहारा असतो. सीडीएमएची तांत्रिक प्रतिष्ठा या पहाऱ्याच्या कौशल्यात आहे, भाषांच्या विविधतेत नव्हे.

गुणांचा प्रश्न निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही. परंतु तो स्थलसापेक्ष आहे. जीएसएममध्ये पाळी काटेकोर असल्यामुळे दूरच्या हँडसेटचे उत्तर उशिरा पोहोचले तर ते पुढच्याच्या पाळीत घुसते. यामुळे टॉवरचा पल्ला सामान्यतः सुमारे ३५ किलोमीटरवर थांबतो. दाट वस्तीच्या हॉलंडमध्ये या मर्यादेची कोणास जाणीवही होणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण ग्रामीण भागात ती जाणवली, आणि म्हणून जीएसएम असलेल्या त्या देशातच टेल्स्ट्रा कंपनीने खेड्यापाड्यांसाठी सीडीएमएचे जाळे उभारले. ते २८ एप्रिल २००८ रोजी बंद झाले. एकाच देशात शहराची एक पद्धत आणि रानाची दुसरी, अशी ही स्थिती होती. 'सरस कोण?' या प्रश्नाला 'कोठे?' हा प्रतिप्रश्न केल्याखेरीज उत्तर देता येत नाही.

आता प्रसाराकडे वळू. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत युरोपात परस्परविसंगत पद्धती नांदत होत्या : स्कँडिनेव्हियात एनएमटी, ब्रिटनमध्ये टीएसीएस, पश्चिम जर्मनीत सी-नेट्स, फ्रान्समध्ये रेडिओकॉम २०००. १९८२ साली युरोपातील टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने 'ग्रूप स्पेसियाल मोबिल' या नावाचा एक अभ्यासगट नेमला; जीएसएम ही आद्याक्षरे मूळची या फ्रेंच नावाची आहेत. पुढे अक्षरे तीच ठेवून त्यांचा विस्तार इंग्रजीत 'जागतिक पद्धती' अशा अर्थाने करण्यात आला. (आद्याक्षरे आधी आणि अर्थ मागाहून, या व्युत्पत्तीची नोंद आमच्या विद्यार्थ्यांनी जरूर करावी.) १९८६ च्या अखेरीस पॅरिस येथे निरनिराळ्या नमुन्यांची चाचणी झाली. फेब्रुवारी १९८७ मध्ये मदेइरा बेटावरील बैठकीत बहुसंख्य देशांचा कौल अरुंद पट्ट्याच्या पद्धतीला पडला. फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांचा ओढा रुंद पट्ट्याकडे होता. ही कोंडी अभियंत्यांनी फोडली नाही. मे १९८७ मध्ये बॉन येथे फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली व ब्रिटन या चार देशांच्या मंत्र्यांनी ती फोडली. त्यानंतर ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे १३ देशांतील दूरसंचार-चालकांनी एका करारावर सह्या केल्या, आणि १९९१ साली सेवा सुरू करण्याचे वचन दिले. त्याच वर्षी ९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा या कामासाठी राखून ठेवण्याचा आदेश युरोपीय समुदायाने काढला.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. सह्या झाल्या तेव्हा पद्धतीची संहिता पुरी झालेली नव्हती. ग्रंथ लिहून होण्यापूर्वीच त्याच्या प्रती घेण्याचे वचन मिळालेले होते, आणि ते वचन देणारे आपापल्या देशांतील एकमेव किंवा प्रमुख ग्राहक होते. जीएसएमचे बळ या वचनात होते. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडचे माजी पंतप्रधान हारी होल्केरी यांनी या पद्धतीवरील पहिले संभाषण केले, तेव्हा ती 'सर्वोत्तम' ठरली होती म्हणून नव्हे, तर ती आधीच मान्य झालेली होती म्हणून.

यावर पहिल्या कथेचे समर्थक म्हणतील, 'आम्ही तरी दुसरे काय म्हणतो? शासनाची एकजूट जिंकली, बाजार हरला.' हे प्रतिपादन अर्धसत्य आहे, हे दाखविण्यास दक्षिण कोरिया पुरेसा आहे. सॅन दिएगो येथील क्वालकॉम कंपनीच्या सीडीएमएला अमेरिकेच्या उद्योगसंघटनेने १९९३ साली आयएस-९५ या नावाने मान्यता दिली. या नावातील पहिल्या अक्षराचा अर्थच 'अंतरिम' असा आहे. अमेरिकेच्या नियामकाने तिला ना सक्तीचे केले, ना निषिद्ध. कोरियाच्या शासनाने मात्र हीच अंतरिम पद्धत आपल्या देशाची एकमेव अंकीय पद्धत म्हणून ठरविली, आणि जानेवारी १९९६ मध्ये तेथे तिची व्यापारी सेवा सुरू झाली. म्हणजे 'बाजाराची' म्हणून हिणविल्या गेलेल्या पद्धतीला तिचे सर्वांत घट्ट ठाणे शासनाच्या आज्ञेनेच मिळाले. उलट जपानमध्ये पीडीसी या स्वदेशी पद्धतीमागे देशाची मुख्य दूरसंचार कंपनी उभी होती. १९९३ पासून ती चालली, तिच्यावर आय-मोडसारखी पुढारलेली सेवा १९९९ साली उभी राहिली, आणि तरीही तिने जपानबाहेर पाऊल टाकले नाही. शासनाची एकजूट आणि जागतिक प्रसार यांचा कार्यकारणसंबंध जोडणाऱ्यांनी जपानचे काय करायचे ते सांगावे.

इराकचे उदाहरण थोडक्यात सांगण्याजोगे आहे, कारण तेथे सगळे पडदे दूर झाले. मार्च २००३ मध्ये युद्ध चालू असतानाच अमेरिकी काँग्रेसचे सदस्य डॅरेल इसा यांनी तेथे उभारायच्या जाळ्यासाठी युरोपीय पद्धत न घेता अमेरिकी सीडीएमए घ्यावी अशी मागणी आपल्या संरक्षण खात्याकडे केली. इसा यांचा मतदारसंघ सॅन दिएगोच्या परिसरातला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तर, मध्य व दक्षिण अशा तीन विभागांचे परवाने दिले गेले, आणि तिन्ही विभागांत जीएसएम आली. शेजारचे सारे देश जीएसएमचे होते. सैन्य ज्याचे, प्रमाण त्याचे, असे झाले नाही.

भारतात हा वाद वेगळ्याच अंगाने गेला, आणि तो आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मनोवेधक भाग आहे, कारण येथे तो एका शब्दाच्या अर्थावर लढला गेला. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले, तेव्हापासून येथील परवानाधारक भ्रमणध्वनी म्हणजे जीएसएम, हे परवान्याच्या शर्तींनीच ठरलेले होते. सीडीएमए आली ती या दाराने नव्हे. स्थिर दूरध्वनीचा परवाना असलेल्या कंपन्यांना घरापर्यंत तार न ओढता बिनतारी जोडणी देण्याची मुभा होती. जानेवारी २००१ मध्ये या जोडणीला 'मर्यादित चलनशीलता' देण्यात आली. ग्राहकाने हँडसेट घेऊन हिंडावे, पण आपल्या लघु-अंतर आकारणी क्षेत्रात, म्हणजे ढोबळ मानाने तालुक्याएवढ्या टापूत. भारतातील सीडीएमएच्या प्रदेशाची सीमा अशी लहरींच्या पल्ल्याने न आखता दूरध्वनी-खात्याच्या आकारणीच्या नकाशाने आखली.

जीएसएम कंपन्यांचे म्हणणे असे की, चलनशीलतेला 'मर्यादित' हे विशेषण लावल्याने ती स्थिरता होत नाही. जो हिंडतो तो हिंडतोच, आणि त्याने हिंडण्याच्या परवान्याचे शुल्क भरले पाहिजे. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, विशेषणच येथे अर्थाचा गाभा आहे. प्रकरण दूरसंचार न्यायाधिकरणाकडून सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २००२ मध्ये ते फेरविचारासाठी परत आले. ऑगस्ट २००३ मध्ये न्यायाधिकरणाने बहुमताने मर्यादित चलनशीलता ग्राह्य धरली. दरम्यान २८ डिसेंबर २००२ रोजी रिलायन्सची सेवा सुरू झाली, आणि १ जुलै २००३ पासून 'मान्सून हंगामा' योजनेखाली ५०१ रुपये भरून हँडसेट हाती पडू लागला. ज्या रिक्षावाल्याने वा भाजीवाल्याने तो घेतला त्याला विशेषण-विशेष्यांचा हा वाद ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नोव्हेंबर २००३ मध्ये शासनाने एकीकृत परवान्याचे धोरण जाहीर केले आणि वादाचा आधारच काढून घेतला. मुंबईत तर एकाच सरकारी कंपनीच्या दोन सेवा दोन पद्धतींवर चालत : महानगर टेलिफोन निगमची 'गरुड' सीडीएमएवर, 'डॉल्फिन' जीएसएमवर. नावांच्या निवडीतला विनोद हेतुपुरस्सर नसावा. पण तालुक्याबाहेर न जाणाऱ्या सेवेला गरुडाचे नाव देणारा अधिकारी कोण होता, हे जाणून घेण्याची आम्हांस उत्सुकता आहे.

ग्राहकाच्या दृष्टीने खरा भेद आणखी एका ठिकाणी होता. जीएसएममध्ये ग्राहकाची ओळख सिम कार्डात असे, आणि ते काढून कोणत्याही हँडसेटमध्ये घालता येई. येथील सीडीएमएत ती प्रथम बहुधा हँडसेटमध्येच कोरलेली असे. प्रस्तुत लेखकाने पदव्युत्तर वर्गात असताना घेतलेला असा एक हँडसेट कंपनी बदलताच निकामी झाला आणि पुढे काही वर्षे कागदांवर वजन म्हणून वापरला गेला. स्वस्ताई आणि बांधिलकी या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या. २००७ साली एकाच परवान्याखाली दोन्ही तंत्रे वापरण्याची मुभा मिळाली, रिलायन्सने २००९ च्या आरंभी जीएसएमचा देशव्यापी विस्तार केला, आणि त्यापुढील दशकात येथील सीडीएमए सेवा एकामागून एक बंद झाल्या.

तेव्हा सीडीएमए 'हरली', असे म्हणावयाचे काय? दुसऱ्या कथेचे समर्थक येथेच हळहळतात. पण त्यांनी जेत्याच्या घरात डोकावून पाहिलेले दिसत नाही. जानेवारी १९९८ मध्ये पॅरिस येथे युरोपीय मानकसंस्थेने तिसऱ्या पिढीसाठी जी पद्धत निवडली ती संकेत-विभाजनाचीच होती; १ ऑक्टोबर २००१ रोजी जपानच्या डोकोमो कंपनीने तिच्यावर पहिली व्यापारी सेवा सुरू केली. तत्त्व क्वालकॉमच्या मार्गाचे, आणि भोवतालचे सारे, म्हणजे सिम कार्ड, केंद्रीय जाळे, परदेशगमनाचे करार, जीएसएमचे. दोन्ही पक्ष पेटंटांवरून भांडले, आणि मार्च १९९९ मध्ये एरिक्सन व क्वालकॉम यांच्यात तडजोड झाली. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड व उर्दू या भाषांविषयी गंपर्झ आणि विल्सन यांचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या वाचकांना परिचित आहे : शतकानुशतकांच्या शेजाराने तिन्हींची वाक्यरचना एकरूप होत गेली, शब्द मात्र आपापले राहिले, आणि बोलणारे शब्दांवरून आपली ओळख सांगत राहिले. तिसऱ्या पिढीत असेच घडले. नाव व शब्दकोश एका घराण्याचे, व्याकरण दुसऱ्याचे. साम्य फार ताणू नये. कुपवाडच्या लोकांनी पेटंटाचे शुल्क कोणाला दिले नव्हते. पण 'कोणती पद्धत जिंकली' हा प्रश्न 'कुपवाडात कोणती भाषा जिंकली' या प्रश्नाइतकाच अपुरा आहे. पुढे चौथ्या पिढीत हे व्याकरणही गेले. अमेरिकेतील सीडीएमएची मोठी कंपनी व्हेरायझन हिने २००७ साली एलटीईची निवड जाहीर केली, २००८ साली क्वालकॉमने आपला प्रतिस्पर्धी आराखडा सोडून दिला, आणि व्हेरायझनचे सीडीएमए जाळे २०२२ च्या अखेरीस बंद झाले.

आतापर्यंत आपण लहरींविषयी बोललो. प्रमाणपद्धतीचे एक अंग मात्र प्रत्यक्ष भाषेला भिडते, आणि त्याची चर्चा या विषयावरील लेखनात तळटीपेपलीकडे क्वचितच जाते. जीएसएमने लघुसंदेशासाठी १४० बाइटांची जागा ठेवली आणि तिच्यासाठी सात बिटांची एक वर्णतालिका आखली. तिच्या आधारे संदेशात १६० वर्ण मावतात. ही तालिका कोणा प्राच्यविद्यापंडिताने शिलालेख वाचावा तशी वाचली पाहिजे. तीत स्कँडिनेव्हियन स्वर आहेत, जर्मन द्वित्त 'स' आहे, स्पॅनिश 'ञ' आहे. ग्रीक लिपीची फक्त दहा मोठी अक्षरे आहेत, कारण उरलेल्यांचे काम आकारसाम्यामुळे रोमन अक्षरांवर भागविलेले आहे. ग्रीक माणसाने म्हणून मोठ्या अक्षरांतच लिहावे. पोलिश व चेक भाषांची खास अक्षरे नाहीत, सिरिलिक नाही, तुर्कीची बिनटिंबाची 'इ' नाही. त्या काळच्या पश्चिम युरोपची सरहद्द या तालिकेत अक्षरांनी आखलेली आहे. प्रतिपक्षानेही या बाबतीत वेगळे काही केले नाही. तिकडची मूळ तालिका सात बिटांची रोमनच.

तालिकेबाहेरील लिपीसाठी प्रत्येक वर्णाला सोळा बिटे मोजावी लागतात, आणि संदेशाची मर्यादा ७० वर्णांवर येते. त्यातही 'वर्ण' म्हणजे आपले अक्षर नव्हे. 'महाराष्ट्र' या शब्दात अक्षरे चार; परंतु काना, हलन्तचिन्हे व जोडाक्षरातील घटक सुटे मोजले की एकके दहा होतात. तोच शब्द रोमन लिपीत अकरा वर्णांचा. म्हणजे देवनागरीत लिहिणाऱ्याने सत्तरातले दहा खर्चावेत, आणि रोमनात लिहिणाऱ्याने एकशेसाठातले अकरा. ज्या काळी प्रत्येक संदेशाला पैसे पडत, त्या काळी मराठी तरुणाने कोणता मार्ग धरला हे सांगण्याची आवश्यकता नाही. रोमन लिपीतील मराठीबद्दल वृत्तपत्रांतून जी खंत व्यक्त होते तीत स्वाभिमानाचा उल्लेख फार असतो, या हिशेबाचा मुळीच नसतो. देवनागरी न उमटणारे हँडसेट हेही एक मोठे कारण होते. ते दूर करण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६३३३ भाग ३ हे मानक २०१६ साली आले. पण वर्णांच्या हिशेबाला त्याने हात लावला नाही.

हिशेबाला हात घालण्याचा एक प्रयत्न त्याआधीच झाला होता. २००८ च्या सुमारास तुर्कीसाठी, आणि त्यापाठोपाठ भारतीय भाषांसाठी, सात बिटांच्या पर्यायी तालिका प्रमाणसंहितेत घालण्यात आल्या. त्यांच्या योगे भारतीय लिपीतही एका संदेशात दीडशेच्या आसपास वर्ण मावू शकतात. बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, मल्याळम, ओडिया, पंजाबी, तमिळ, तेलुगू, उर्दू अशा तालिकांची नावे आहेत. बंगालीच्या शीर्षकात असमियाचाही उल्लेख आहे. मराठीचे नाव नाही. तिने हिंदीच्या तालिकेवर आपले काम चालवावे, असे योजणाऱ्यांना वाटले असावे, आणि लिपी एक असल्यामुळे ते चालतेही. परंतु पाठविणारे यंत्र, मधले जाळे आणि घेणारा हँडसेट या तिघांनाही ही तालिका अवगत असावी लागते, आणि व्यवहारात तसे फारसे झालेले नाही. कोपनहेगनच्या करारासारखे, सेवा अमुक वर्षी सुरू करूच असे वचन, या तालिकांमागे कोणी दिले नव्हते.

व्यक्तिगत पत्रव्यवहार आता इंटरनेटवरील संदेशसेवांवर गेला आहे आणि तेथे ७० ची मर्यादा नाही. बँका, वीज-कार्यालये व शासकीय खाती यांचे संदेश मात्र अद्याप जुन्याच मार्गाने येतात, आणि मराठी संदेश ७० वर्णांपलीकडे गेला की तो ६७-६७ वर्णांच्या तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याचा आकार स्वतंत्र लावला जातो. अशा संदेशांची मराठी विलक्षण आखूड होत चालली आहे : क्रियापदे गळतात, विभक्तिप्रत्ययांऐवजी विसर्ग व अपूर्णविराम येतात, तारखा आकड्यांत आक्रसतात. तारेच्या भाषेचा अभ्यास आपल्याकडे व्हावा तितका झाला नाही. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली आणि ती सामग्री बहुतांशी नष्ट झाली. २००० ते २०१० या काळातील रोमन-मराठी संदेश जुन्या हँडसेटांच्या स्मृतीत आहेत, आणि त्यांतील सीडीएमएचे हँडसेट तर आता कोणत्याही जाळ्याशी जोडता येत नाहीत. विभागातील विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी असा संच पडून असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी त्यातील संदेश उतरवून घ्यावेत.